कागदी आराखडा की थेट फिग्मा?

ॲपच्या स्क्रीनचा आराखडा आधी कागदावर काढावा, की थेट फिग्मा या स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये? सांगलीच्या हळद बाजाराचे भाव दाखवणारं ॲप हा सरावाचा विषय धरा. सुरुवातीला कागदच बरा. पेन्सिलीने सहा स्क्रीन अर्ध्या तासात होतात. चुकला की चुरगाळायचा, जीव अडकत नाही. एकाने बोट टेकवायचं, दुसऱ्याने पुढचा कागद सरकवायचा, की कुठे अडतंय ते लगेच कळतं. फक्त मापं फसवतात.

फिग्मात ३६० बाय ८०० पिक्सेलची फ्रेम, म्हणजे फोनच्या स्क्रीनची चौकट घ्या, बटण किमान ४८ पिक्सेल उंच. देवनागरीला ओळीची उंची अक्षराच्या दीडपट हवी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. ‘गूळ’खाली ‘क्विंटल’ लिहून बघाच. नवखे मात्र इथे रंगांतच दुपार घालवतात. हळद म्हणून पिवळ्यावर पांढरी अक्षरं, उन्हात काय दिसणार? गडद तपकिरी घ्या, कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागच्या रंगाच्या उजळपणातला फरक, ४.५ ला १ च्या खाली नको.