धायटी की करंज?

साताऱ्याच्या आत्यांना अंगणात एकच झाड लावायचंय. दोन्ही इथलीच, म्हणून निवड अवघड.

जागेचं म्हणाल तर धायटी दोन-तीन मीटरचं झुडूप, कुंपणालगत मावतं. करंज १५ मीटरपर्यंत सहज जातो. भिंतीला खेटून लावू नका. पाणी दोघांनाही पहिले दोन उन्हाळेच.

सावलीत मात्र करंजाला तोड नाही. चैत्रात तकतकीत पालवी फुटते, ऐन वैशाखात खाली खाट टाकता येते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. शेंगा-पाचोळा भरपूर पडतो, तेवढा झाडायचा.

धायटी माघ-फाल्गुनात लालभडक होते, मग शिंजीर पक्षी येतातच. हीच फुलं आयुर्वेदातली आसव-अरिष्टं ही औषधं आंबवायला वापरतात.

छोटं अंगण आणि पाखरांची हौस असेल तर धायटी. मोकळी जागा आणि गारवा हवा तर करंज. आत्यांचं अंगण पश्चिमेला उघडं आहे, त्यांना मी करंजच सांगितला.