दमा आवरत नाही: आधी नाक बघायचं की पोट?

पंप रोज घेऊनही रात्री खोकल्याने जाग येते, जिना चढताना छाती घरघरते. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, पित्ताची गोळी सुरू कर. दुसरा म्हणतो, सायनस तपासून घे. दोन्हींत तथ्य आहे, पण सारखं नाही. (त्याआधी आपण पंप कसा ओढतो ते डॉक्टरांना एकदा दाखवा. बरेचदा घोळ तिथेच असतो.)

नाकाचं नातं जवळचं आहे. नाक, सायनस आणि श्वासनलिका म्हणजे आतून जवळपास सारखंच अस्तर असलेली एक सलग वाट. 2001 साली ‘एरिया’ या आंतरराष्ट्रीय अहवालाने तर ॲलर्जीची सर्दी आणि दमा यांचा एकत्रच विचार करा, असं सांगितलं. सायनसचा त्रास 12 आठवड्यांपुढे गेला की तो जुनाट म्हणायचा. त्यात नाकात पॉलिप, म्हणजे मांसल कोंब, वाढले असतील तर बहुतेकदा तिथल्या सुजेत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. अनेकांच्या दम्यातही याच पेशी असतात. दुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत 2018 साली दम्यासाठी आणि 2019 साली पॉलिपसाठी मंजूर झालं, ते यामुळेच. सूज एकाच जातीची, फक्त जागा दोन.

म्हणून नाकात स्प्रे मारला की दमा सुटेल का? नाही. जुनाट सायनस आणि आटोक्यात नसलेला दमा असलेल्यांना 24 आठवडे मोमेटासोन या स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे देऊन पाहिलं गेलं. 2014 साली निष्कर्ष आला: दम्याच्या नियंत्रणात फरक नाही. स्प्रे नाक मोकळं राहावं, झोप लागावी म्हणून घ्यायचा, आणि तेही कमी नाही.

पोटाची तऱ्हा वेगळी. आम्ल दोन वाटांनी त्रास देतं. कधी त्याचे बारीक थेंब घशातून श्वासनलिकेत उतरतात. कधी ते अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशीच थांबतं, पण तिथली आणि श्वासनलिकांची व्हेगस ही चेता एकच असल्यामुळे नळ्या आवळतात. दम्याची मूळ सूज निर्माण करण्यापेक्षा आधीच हळव्या झालेल्या नळ्यांना डिवचण्याचं काम आम्ल जास्त करतं. उलटही घडतं: खोकल्याच्या उबळीने पोटावर दाब येतो आणि आम्ल वर चढतं. थिओफिलिनसारखं दम्याचं औषध तर अन्ननलिकेच्या तळाची झडपच सैल करतं.

गोळ्यांचा अनुभव मात्र निराशेचा आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दमा आवरत नसलेल्या 412 जणांपैकी काहींना 24 आठवडे इसोमेप्राझोल ही पित्ताची गोळी दिली, काहींना नुसती नकली गोळी. फरक शून्य. 2012 साली 306 मुलांवरच्या लॅन्सोप्राझोल या तशाच गोळीच्या अभ्यासातही फायदा दिसला नाही, उलट गोळी घेणाऱ्या मुलांना श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त झाले. मेख अशी की या अभ्यासांतल्या लोकांना छातीत जळजळण्याचा त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. म्हणजे जळजळ नसताना निव्वळ दम्यासाठी पित्ताची गोळी घेण्यात माझ्या मते अर्थ नाही. जळजळ असेल तर ती घ्यायलाच हवी.

मग निवड कशी करायची? रात्रीच्या खोकल्यावरून ठरवू नका. आडवं झाल्यावर शेंबूडही घशात उतरतो, आम्लही वर येतं आणि दमाही रात्रीच बळावतो. वास येईनासा झालाय, नाक कायम चोंदलेलं, गालफडं जड? मग आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. सोबत रक्तातल्या इओसिनोफिलची तपासणीही करून घ्या. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यावर तास-दोन तासांत नाक वाहून धाप लागली असेल, तर हे पहिल्याच भेटीत सांगा आणि ती गोळी पुन्हा घेऊ नका. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन न सोसणं हे त्रिकूट ओळखीचं आहे.

वाकल्यावर घशाशी आंबट येतं, जेवणानंतर खोकला सुटतो, छातीत जळजळतं? मग आधी पोट. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी जेवण, पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटीमीटर उंच, वजन जास्त असेल तर ते कमी करणं, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी जेवणाआधी अर्धा तास. दोन-तीन महिने पीक फ्लोची, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते त्या आकड्याची, रोज नोंद ठेवा. आकडे हलले नाहीत आणि जळजळही उरली नसेल, तर गोळी बंद करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

दोन्ही लक्षणं असतील तर दोन्हीकडे बघावं लागेल, पण उपचार एकाच दिवशी सुरू करू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. पंप मात्र दोन्ही वाटांवर चालूच ठेवायचा.