पीएच.डी.च्या काळात फेलोशिप की तासिका? खानदेशातील पहिल्या पिढीच्या संशोधकांसाठी तुलनात्मक आढावा

एम.ए. किंवा एम.एस्सी. झालेल्या, नेट (राष्ट्रीय) अथवा सेट (राज्यस्तरीय) ही सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण असलेल्या आणि पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यासमोर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मुख्यतः दोन वाटा असतात. एक अधिछात्रवृत्तीची, जिला आपण सारे फेलोशिप म्हणतो. दुसरी वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजेच सीएचबीवर, घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर शिकवण्याची. फेलोशिप घेणाऱ्याला नोकरी किंवा मानधनाचे दुसरे काम स्वीकारता येत नाही, त्यामुळे दोन्हींचा मेळ घालू असे म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. ज्यांच्या घरात विद्यापीठापर्यंत पोहोचलेली ही पहिलीच व्यक्ती आहे, अशा भिल्ल, पावरा, मावची, तडवी, बंजारा, धनगर, बौद्ध, मातंग आणि इतर मागासवर्गीय समाजांतील विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा लिहिला आहे, कारण चुकीच्या निवडीची किंमत त्यांनाच सर्वाधिक मोजावी लागते.

प्रथम पैशांचा हिशेब. १ जानेवारी २०२३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसीच्या) कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची, म्हणजे जेआरएफची, रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ अधिछात्रवृत्ती म्हणून ४२,००० रुपये आहे. एकूण मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांसाठी आकस्मिक खर्चापोटी पहिली दोन वर्षे वार्षिक १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये, तर विज्ञानासाठी अनुक्रमे १२,००० आणि २५,००० रुपये मिळतात. वसतिगृह नसल्यास घरभाडे भत्ताही मिळतो; मात्र पाच लाखांखालील लोकसंख्येची शहरे सर्वांत खालच्या वर्गात येत असल्यामुळे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला राहणाऱ्याने त्या भत्त्यावर फारसे अवलंबून राहू नये.

तासिकेचा दर पदवी वर्गासाठी ९०० रुपये आणि पदव्युत्तर वर्गासाठी १,००० रुपये आहे आणि एका व्यक्तीला आठवड्याला साधारणपणे नऊ तासिका दिल्या जातात. वर्षाचे अध्यापनाचे तीस आठवडे धरले आणि एकही तास बुडाला नाही असे मानले, तर २७० तासिकांचे २,४३,००० रुपये होतात. फेलोशिपची वर्षाची रक्कम घरभाडे सोडून ४,४४,००० रुपये होते. तासिकांच्या आकड्यातून परीक्षांचा काळ, दिवाळीची सुट्टी आणि उशिरा निघालेल्या नेमणूक आदेशामुळे कोरे गेलेले जुलै-ऑगस्ट वजा करावे लागतात, म्हणजे प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम याहूनही कमी भरते. मी स्वतः पीएच.डी. करताना तीन वर्षे तासिकांवर शिकवले. त्यांपैकी एका वर्षाचे मानधन जुलैपासून थकून पुढच्या मे महिन्यात एकरकमी मिळाले आणि तोपर्यंत खोलीचे भाडे व एसटीचे पास उधारीवर चालले. घरी कापसाचे पैसे आल्यावर हिशेब मिटवता येईल, असे ज्यांना म्हणता येत नाही त्यांनी हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा.

फेलोशिप हा शब्द एकच असला, तरी त्याखाली येणाऱ्या योजना एकसारख्या नाहीत. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ सर्वांसाठी खुली असते. तिची वयोमर्यादा ३० वर्षांची आहे आणि अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेअरमधील ओबीसी, दिव्यांग, तृतीयपंथी व महिला उमेदवारांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. ती हुकलेल्यांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहेत: अनुसूचित जातींसाठी दर वर्षी देशभरात २,००० आणि ओबीसींसाठी १,०००. या दोन्हींची निवड नेटच्या निकालाला जोडलेली आहे, म्हणून नेटचा फॉर्म भरताना स्वतःचा प्रवर्ग अचूक नोंदवणे आवश्यक आहे. अनुसूचित जमातींसाठीच्या ७५० अधिछात्रवृत्ती आदिवासी कार्य मंत्रालय देते. त्यांना नेटची अट नाही, पीएच.डी.ची नोंदणी आणि पदव्युत्तर परीक्षेतील गुण यांवर निवड होते. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर आणि साक्री भागांतील विद्यार्थ्यांसाठी ही माझ्या मते सर्वांत जवळची आणि सर्वांत कमी वापरली जाणारी वाट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचा वाटा सुमारे ६९ टक्के होता, तरीही नेट झाली नाही म्हणून फेलोशिपचा विचारच सोडून दिलेले विद्यार्थी मला तेथे वारंवार भेटतात. रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांतील तडवी कुटुंबांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली असली, तरी अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नसल्यामुळे जमातीची अधिछात्रवृत्ती तडवींना खुलीच आहे.

राज्याच्या पातळीवर अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती आणि आदिवासींसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांचे दर युजीसीच्या धर्तीवर ठेवलेले आहेत, म्हणून कागदावर त्या जेआरएफच्या बरोबरीच्या दिसतात. फरक वेळेचा आहे. जाहिरात कधी निघेल, जागा किती असतील, चाळणी परीक्षा होईल की नाही आणि रक्कम नोंदणीच्या दिनांकापासून मिळेल की निवडीच्या, हे प्रश्न दर तुकडीला नव्याने उभे राहतात. २०२३ आणि २०२४ मध्ये या योजनांतील संशोधक विद्यार्थ्यांना आपल्या हक्काच्या रकमेसाठी मुंबई-पुण्यात उपोषणे आणि धरणे करावी लागली. त्या मुलांची मागणी पूर्णपणे न्याय्य होती. तरीही निर्णय घेणाऱ्याने वस्तुस्थिती पाहून ठरवायचे असते, म्हणून माझा सल्ला असा की राज्याच्या योजनेचा अर्ज अवश्य भरावा, पण ती रक्कम दरमहा येईल असे धरून घरचा हिशेब मांडू नये. अर्जाच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेअरचा दाखला हातात नसल्यामुळे चांगले विद्यार्थी मागे पडतात. हे दोन्ही कागद एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच काढून ठेवावेत.

आता मुख्य मुद्दा, जो बहुतेकांच्या हिशेबात येतच नाही. सहायक प्राध्यापक पदाच्या मुलाखतीसाठी उमेदवारांची छाननी करताना युजीसीच्या २०१८ च्या नियमावलीने गुणांचा एक तक्ता दिला आहे. महाविद्यालयीन पदांच्या तक्त्यात पीएच.डी.ला २५ गुण आहेत. जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८ आणि सेटला ५. अध्यापनाच्या किंवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या अनुभवाला दर वर्षी २ याप्रमाणे जास्तीत जास्त १०. म्हणजे जेआरएफ आणि साधी नेट यांच्यातील अंतर एका वर्षाच्या अध्यापनाइतके आहे. याच नियमावलीत असेही म्हटले आहे की पीएच.डी. मिळवण्यात गेलेला काळ अध्यापनाचा किंवा संशोधनाचा अनुभव म्हणून धरला जाणार नाही. मात्र कोणतीही रजा न घेता, शिकवता शिकवता संशोधन केले असेल, तर तो सेवेचा काळ अनुभव म्हणून धरला जाईल. या दोन वाक्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. पाच वर्षे फेलोशिपवर राहिलेल्याच्या अनुभवाच्या रकान्यात शून्य असू शकते आणि त्याच पाच वर्षांत तासिका घेऊन प्रबंध पूर्ण केलेल्याला पूर्ण १० गुण मिळू शकतात.

हे वाचून कोणी लगेच तासिकांकडे वळू नये, कारण त्या १० गुणांमागे दोन अटी दडलेल्या आहेत. पहिली अट प्रबंध पूर्ण होण्याची आहे. पीएच.डी.च्या २५ गुणांपुढे अनुभवाचे १० गुण गौण आहेत आणि आठवड्याचे नऊ तास म्हणजे प्रत्यक्षात तयारी, प्रवास, उत्तरपत्रिका, महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनाची कागदपत्रे आणि स्नेहसंमेलन धरून आठवड्याचे पाच दिवस असतात. दुसरी अट विद्यापीठाच्या मान्यतेची आहे. माझ्या पहिल्या वर्षीच्या नेमणुकीचा प्रस्ताव महाविद्यालयाकडून विद्यापीठाकडे वेळेत गेला नाही, म्हणून पूर्ण वर्ष शिकवूनही ते वर्ष माझ्या अनुभवात धरले गेले नाही. तेव्हा मला हे विचारायचे असते एवढेही ठाऊक नव्हते, कारण विचारायला सांगणारे घरात किंवा गावात कोणी नव्हते. जाहिरात, निवड समितीचा अहवाल, नेमणूक आदेश, मान्यतेचे पत्र आणि मानधन बँकेत जमा झाल्याची नोंद यांच्या प्रती दर वर्षी स्वतःजवळ ठेवल्या, तरच तासिकांचे वर्ष पुढे उपयोगी पडते.

फेलोशिप घेऊन वर्गाशी संबंध ठेवायचा असेल, तर मधली वाटही आहे. नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम देता येते. त्यात ट्युटोरियल, प्रयोगशाळेतील काम आणि मूल्यमापन येते. आपल्या विषयाशी संबंधित अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षणही प्रत्येकाने घ्यायचे आहे. या तासांमुळे वरच्या तक्त्यात गुण वाढतीलच असे नाही, पण शिकवण्याची सवय होते आणि मुलाखतीतील पाठासाठी उभे राहताना तिचा उपयोग होतो. पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात प्रमाण मराठीतील संकल्पना समजावून सांगण्याचे कौशल्य केवळ वाचनाने येत नाही. म्हणून विभागप्रमुखांकडे हे काम आपण होऊन मागावे आणि त्याचे लेखी पत्र घ्यावे; मात्र सहा तासांची मर्यादा नम्रपणे पण ठामपणे सांभाळावी, कारण विभागातील रिकाम्या जागांचा भार फेलोशिपधारकावर सरकत जाण्याची सवय अनेक ठिकाणी आहे.

या मधल्या वाटेचे नीट आखलेले रूप पाहायचे असेल, तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स कॉलेजचे उदाहरण घेता येईल. तेथे १८८९ मध्ये पदवी घेणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या, गायस चार्ल्स बोलिन यांच्या, नावाने १९८५ पासून चालत आलेल्या फेलोशिपमध्ये प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यावरील संशोधकाला दोन वर्षे वेतन मिळते, दर वर्षी फक्त एक अभ्यासक्रम शिकवावा लागतो आणि उरलेला वेळ लेखनाचा असतो. आपल्याकडे आदिवासी व बहुजन संशोधकांसाठी अशी अध्यापन फेलोशिप १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला स्थापन झालेल्या आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने सुरू करावी, असे मला मनापासून वाटते. ज्यांचे नाव २०१८ पासून या विद्यापीठाला लाभले त्या बहिणाबाई चौधरींना शाळा मिळाली नव्हती. त्यांच्या मुलखातील पहिल्या पिढीच्या प्राध्यापकांसाठी एवढी तजवीज मागणे अवाजवी नाही.

निवड करताना संशोधनाचा विषयही पाहावा. सातपुड्यातील वनहक्क, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर किंवा बोलीभाषा असा क्षेत्रकार्याचा विषय असेल, तर होळी-भोंगऱ्याच्या दिवसांत आणि तोडीच्या हंगामात गावात राहावे लागते, आणि नेमके तेव्हाच महाविद्यालयाचे दुसरे सत्र चालू असते. अशा विषयासाठी फेलोशिपला पर्याय नाही. ग्रंथालयावर किंवा जुन्या कागदपत्रांवर आधारित विषय तासिकांबरोबर निभावतो, विशेषतः महाविद्यालय आणि राहण्याचे ठिकाण एकाच गावात असेल तर.

महिलांसाठी आणखी एक मुद्दा निर्णायक ठरतो. पीएच.डी.ची मुदत सहा वर्षांची असून पुनर्नोंदणीने दोन वर्षे मिळतात आणि महिला व दिव्यांग संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजाही नियमात आहे. तासिकांवर काम करणारीला घेतलेल्या तासांचेच मानधन मिळत असल्यामुळे बाळंतपणाच्या काळात तिच्या हाती काहीच येत नाही आणि पुढच्या वर्षी तीच जागा पुन्हा मिळण्याची हमीही नसते. लग्न ठरण्याच्या वयात नोंदणी करणाऱ्या आपल्याकडील मुलींना मी म्हणूनच फेलोशिपचाच आग्रह धरतो.

एकंदरीत, वय पस्तिशीच्या आत असेल आणि केंद्राची कोणतीही अधिछात्रवृत्ती मिळत असेल, तर ती घ्यावी आणि अनुभवाच्या गुणांची काळजी प्रबंध सादर झाल्यावर करावी. फक्त राज्याच्या योजनेची आशा असेल, तर पहिल्या वर्षी मान्यताप्राप्त तासिका घ्याव्यात, निवड होऊन पहिली रक्कम खात्यात जमा होणार हे लेखी कळल्यावरच त्या सोडाव्यात आणि दोन्हींची रक्कम एकाच महिन्यात घेतली जाणार नाही याची दक्षता बाळगावी, अन्यथा वसुली निघते. घरच्या जबाबदारीमुळे पाच वर्षे जळगावला राहणे शक्य नसेल आणि गावाजवळच्या महाविद्यालयात तासिका मिळत असतील, तर त्या घेण्यात कमीपणा नाही. मात्र १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे, म्हणून अशा वेळी आधी नेट-सेट करून मगच नोंदणीची घाई करावी.

प्रबंध सादर झाल्यानंतरही हीच तुलना पुन्हा करावी लागते, पण तेव्हा तिचे उत्तर सोपे असते. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या युजीसीच्या डॉ. राधाकृष्णन पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपच्या ९०० जागा असून त्यांपैकी ३० टक्के महिलांसाठी आहेत. दरमहा ५०,००० रुपये आणि आकस्मिक खर्चापोटी वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. छाननीच्या तक्त्यात पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचे एक वर्ष आणि अध्यापनाचे एक वर्ष यांना सारखेच दोन गुण आहेत. त्यामुळे पीएच.डी. झाल्यावर थेट तासिकांच्या मुलाखतींना निघण्यापूर्वी हा अर्ज भरावा आणि त्यासाठी आपल्या विद्यापीठाबाहेरचा मार्गदर्शक शोधण्याचे काम प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहीत असतानाच सुरू करावे.