मेन बिल्डिंग, गणेशखिंड: लाटसाहेबांच्या घरात थाटलेलं ऑफिस

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत बघायला येणारे बहुतेक जण मनोऱ्यासकट एक फोटो काढतात आणि वळतात. मनोरा देखणा आहेच. पण इमारत समजून घ्यायची तर नजर खाली आणावी लागते, जोत्यापाशी.

हे मुळात घर होतं, तेही पावसाळी. मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला यायचे, त्यांच्यासाठी तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी १८६४ मध्ये काम काढलं. आराखडा जेम्स ट्रबशॉचा, वळण इटालियन. इमारत पुरी झाली १८७१ मध्ये, तोवर फ्रियर पुण्यातून गेलेही होते. खर्चावरून तेव्हाच बरीच ओरड झाली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा ते परतत होते ते इथल्याच समारंभातून. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं आणि बॅ. जयकर कुलगुरू झाले, तेव्हा वास्तू शिक्षणाकडे आली.

नवा वापर कुठे जमला? मोठ्या दालनांत. नाचासाठी आणि मेजवान्यांसाठी बांधलेली उंच छताची जागा सभेला आयती मिळते, भिंतीला हात लावावा लागत नाही. स्वयंपाकघर लांब होतं, जेवण भुयारी वाटेने यायचं. ती वाट आता नुसती बघण्याची चीज.

राहत्या खोल्यांचं ऑफिस करणं मात्र कुठल्याही जुन्या इमारतीत अवघडच. फाइलींची कपाटं भिंतीला चिकटली की मागे हवा खेळत नाही. एसीसाठी खोटं छत टाकलं की वरच्या झरोक्यांतून गरम हवा जायची ती बंद, आणि ज्या उंचीमुळे खोली गार राहायची ती उंचीच गेली. वायरींसाठी दगडाला पाडलेली भोकं तर कायमची.

सगळ्यांत घातक सिमेंट. काळा दगड पाणी फारसं पीत नाही, पाणी शिरतं ते सांध्यांतून. दरजा, म्हणजे सांध्यांत भरलेला माल, चुन्याच्या असतील तर ओल तिथूनच बाहेर पडते. सिमेंटने भरल्या तर ती आत अडकते आणि गिलाव्यावर लोणा, म्हणजे क्षारांची भुकटी, फुटतो. कुठल्याही दगडी वास्तूत जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंतच्या गिलाव्यावर बोट फिरवून बघा. पांढरी भुकटी लागली तर आजार जुना आहे. उपाय कष्टाचा: छिन्नी-हातोडीने सिमेंट इंचभर खोल काढायचं (मशीन लावलं की दगडाच्या कडा उडतात), सांधा धुऊन ओला करायचा, एक भाग चुना नि तीन भाग वाळूचा माल दाबून भरायचा, मग आठवडाभर ओलं गोणपाट. घाईच्या ठेकेदाराला नेमका हा आठवडा नको असतो, आणि मग माल भेगाळून सुटतो.

जायचंच तर जुलै-ऑगस्टात जा. घर ज्या हवेसाठी बांधलं, तिच्यातच ते खुलतं. कमानींखाली उभं राहिलं तर भुरभुर पाऊस अंगावर येत नाही. बाहेरून निवांत बघता येतं, आतली दालनं मात्र कामकाजाची, तेव्हा परवानगी आधी काढा. विद्यापीठ चौकातल्या कोंडीसाठी अर्धा तास जास्तीचा धरा. आवारातले वड चुकवू नका.

सभागृह म्हणून पाचपैकी साडेचार, ऑफिस म्हणून जेमतेम अडीच.