मँडरिन आणायचा, तर नवी टाकी चालेल की मुरलेलीच हवी?

टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट आटोक्यात. खारटपणा ३५ पीपीटी, तापमान २५-२६ अंशांवर स्थिर. समुद्री माशांची टाकी भरून तीन महिने झाले, क्लाउनफिशची जोडी मजेत आहे. अशात दुकानात तो निळ्या-नारिंगी नक्षीचा मँडरिन मासा दिसतो आणि प्रश्न पडतो, आता आणावा की अजून थांबावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. या निर्णयात पाण्याच्या चाचण्यांवर विसंबू नका. त्या हव्यातच, पण त्या कुठल्याही माशासाठी हव्यात. तीन महिन्यांची आणि पंधरा महिन्यांची अशा दोन टाक्या शेजारी ठेवल्या, तर दोन्हींचे आकडे अगदी सारखे येऊ शकतात. तरीही एकीत मँडरिन गुबगुबीत राहील आणि दुसरीत काही आठवड्यांत खंगून जाईल. टाकी 'सायकल' झाली म्हणजे विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू खडकांवर बसले, एवढंच. मँडरिनला खायला काय मिळणार, याबद्दल किट काहीच सांगत नाही.

हा मासा पश्चिम पॅसिफिकमधला, जपानच्या र्‍यूक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडणारा, जेमतेम बोटभर. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी बुळबुळीत, घाण वासाचा थर असतो. त्या थरामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याला इतर माशांपेक्षा कमी होतो, म्हणजे नाजूक आहे ते याचं पोट. तोंड बारीक, आणि शेळीसारखं दिवसभर चालू. खडकांवरून एकेक कोपेपॉड (ठिपक्याएवढा कवचधारी जीव, थोडक्यात 'पॉड') टिपत फिरणं हेच त्याचं जेवण, आणि दिवसाला असे शेकडो लागतात. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर टाकलेलं खाणं त्याला पुरत नाही, कित्येकदा तर तो त्याकडे बघतही नाही. (निळ्या रंगाचं म्हणाल, तर बहुतेक माशांत तो प्रकाशाच्या परावर्तनामुळे दिसतो, याच्या पेशींत मात्र खरंच निळं रंगद्रव्य आहे. निर्णयाशी याचा काही संबंध नाही, पण मोह का आवरत नाही ते कळतं.)

तीन महिन्यांची टाकी

नव्या टाकीत पॉड्स नसतातच असं नाही. समुद्रातून आलेला लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वस्तीला असलेला खडक, वापरला असेल, तर ते पहिल्या काही आठवड्यांतच काचेवर दिसू लागतात, आणि इथेच बरेच जण फसतात. तेव्हा त्यांना खाणारं कोणी नसतं, म्हणून ते भरपूर दिसतात. मँडरिन सोडला की तो साठा पटापट उतरतो, आणि नवी पिढी वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. कोरड्या खडकावर सुरू केलेली टाकी आणखी मागे असते. तिथे बाहेरून आणून सोडल्याशिवाय पॉड्स येणार कुठून?

वाईट म्हणजे उपासमार लवकर दिसत नाही. मासा शेवटपर्यंत खडकांवर चोच मारत फिरत असतो, त्यामुळे खातोय असंच वाटतं. पोट आत गेलं, डोक्यामागचा भाग खचला, बाजूची रेघ उठून दिसायला लागली की बराच उशीर झालेला असतो.

वर्षभर मुरलेली टाकी

सुरुवातीचा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर आणि मग केसाळ हिरवं शेवाळ, हे दोन्ही येऊन गेलेलं असतं. खडकांवर जांभळं कोरलाइन शेवाळ, सांदीकोपऱ्यात इवलेसे स्पंज आणि नळ्यांतले किडे. दिसायला ही टाकी नव्यापेक्षा जरा गबाळी, आणि मँडरिनसाठी तेच हवं. दर आठवड्याला ब्रशने खडक घासून लख्ख ठेवणाऱ्याची टाकी दोन वर्षांची झाली तरी या बाबतीत नवीच. पॉड्सचं घर आणि चारा दोन्ही त्या 'घाणीत' असतात.

तपासायचं कसं? दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च मारून काच आणि खडक बघा. ठिपक्याएवढे पांढरे जीव सगळीकडे सरपटताना दिसायला हवेत, आणि एका रात्री नव्हे, महिनाभर. एका कोपऱ्यात थोडेसे दिसले तर तयारी झालेली नाही.

वयाइतकाच आकारही मोजा. जाणकार साधारणपणे पावणेतीनशे-तीनशे लिटर आणि भरपूर खडक सांगतात. शंभर लिटरची टाकी कितीही मुरली तरी तिच्या खडकांवर पॉड्सना जागाच मोजकी असते.

सोबत्यांचं थोडक्यात: सिक्स-लाइन रॅस आणि स्कूटर ब्लेनी हे मासेही पॉड्स फस्त करतात. यातला एकही असेल तर मुरलेली टाकीसुद्धा नव्याच्या पंगतीत बसवा. दोन नर मँडरिन तर मुळीच नकोत, भांडतात. नराच्या पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा लांब असतो, त्यावरून ओळखता येतो.

बाटलीतले पॉड्स की रेफ्युजियम?

नवी टाकीवाले हमखास म्हणतात की पॉड्सच्या बाटल्या ओतत राहू. एकदा बीज म्हणून ओतायला उत्तम. रोजचं जेवण म्हणून परवडत नाही आणि टिकतही नाही. टिग्रिओपस जातीचे पॉड्स लालसर, मोठे, उघड्यावर पोहणारे, त्यामुळे लगेच फस्त होतात. टिस्बे जातीचे बारीक असतात, खडकांच्या फटींत राहून वाढतात. बीज म्हणून ते जास्त उपयोगी.

रेफ्युजियम म्हणजे संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या, पाणी फिरवणाऱ्या दुसऱ्या टाकीत) वेगळा कप्पा, त्यात केटोमॉर्फा शेवाळाचा गुंता आणि वर दिवा. मासे तिथे पोचत नाहीत, त्यामुळे पॉड्स निर्धास्त वाढतात आणि थोडे थोडे पाण्याबरोबर टाकीत येत राहतात. मात्र ते लावल्यावरही काही महिने द्यावे लागतात. लावलं आणि त्याच आठवड्यात मासा आणला, तर त्याचा उपयोग शून्य.

समुद्रातला की टाकीत जन्मलेला?

थांबण्याचा सगळा हिशेब समुद्रातून पकडलेल्या मँडरिनचा आहे. टाकीत पैदास केलेली पिल्लं लहानपणापासून फ्रोझन (गोठवलेलं) खाणं आणि बारीक गोळी खाण्याला सरावलेली असतात. त्यांना पॉड्स नकोत असं नाही, पण पॉड्स कमी पडले तर दुसरं काही खातात, हा फार मोठा फरक आहे.

म्हणून मी असं ठरवेन. मोठी टाकी असेल, वर्ष झालेलं असेल आणि टॉर्चखाली काच जिवंत दिसत असेल, तर दोन्हींपैकी कुठलाही. मोठी पण नवी असेल, तर आज टिस्बे सोडा, रेफ्युजियम लावा आणि मासा नंतर. टाकी लहान असेल तर वाट बघून काही हाती लागणार नाही. तिथे टाकीत जन्मलेला मासाच घ्यायचा आणि दिवसातून तीन-चारदा खाऊ घालायला वेळ असेल तरच. सुट्टीत चार दिवस घर बंद राहणार असेल, तर विषय सोडून द्या.

दुकानात गेल्यावर विक्रेत्याला फ्रोझन टाकायला सांगा आणि मासा ते गिळतो की नुसतं हुंगून थुंकतो, हे उभं राहून बघा. मग वरून पोट बघा. डोक्यामागे खळगा दिसला, तर दया येऊनही तो मासा उचलू नका.