ड्रॅगन मार्ट, दुबई: माल चांगला, वॉरंटी विसरा

दुबईत घर लावायचं असेल तर दिवे, नळ आणि फर्निचरसाठी ड्रॅगन मार्टला तोड नाही. मात्र वॉरंटीच्या भरवशावर इथून काही घेऊ नये. दोन्हींचं कारण एकच, समोरचा दुकानदार.

२००४ साली इंटरनॅशनल सिटीत सुरू झालेल्या, सव्वा किलोमीटर लांबीच्या या बाजारातले कितीतरी गाळे चीनहून आलेल्या छोट्या व्यापाऱ्यांचे आहेत. माल थेट कारखान्यातून येतो, मधला दलाल नाही, म्हणून भाव उतरतो. पण त्यांचा मुक्काम व्यापार परवाना, व्हिसा आणि गाळ्याचं भाडं यांवर टिकलेला असतो. यातलं एक बिनसलं की माणूस गाशा गुंडाळून परत. मग वॉरंटी कार्ड दाखवणार कुणाला? तपासणी जागेवरच करा.

एलईडी पट्टीचं बघा. पाच मीटरचं रीळ पूर्ण उलगडून दहा मिनिटं पेटवायला लावा. टोकाकडे उजेड फारच मंद झाला तर आतलं तांबं पातळ आहे. पट्टी मीटरला १४.४ वॅटची असेल तर पाच मीटरला ७२ वॅट. ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारा डबा, १०० वॅटचा घ्या. ७५ चा घेतला तर फॉल्स सीलिंगच्या उकाड्यात तो जळतो आणि दोष पट्टीवर येतो. दोन रिळं एकामागे एक जोडू नका, प्रत्येकाला ड्रायव्हरपासून वेगळी वायर ओढा. नळ हातात तोलून घ्या. पितळी जड लागतो. हलका लागला तर जस्ताच्या मिश्रधातूचा, त्याचे आटे पाना लावताना तुटतात.

भाषा अडत नाही. दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा मारून तो तुमच्याकडे फिरवतो, तुम्ही तुमचा आकडा मारून परत फिरवायचा. एका नगाचा, डझनाचा आणि अख्ख्या कार्टनचा भाव वेगवेगळा विचारा, आणि ५ टक्के व्हॅट त्यात धरलाय का तेही. बिलावर गाळा क्रमांक आणि १५ अंकी टीआरएन (कर नोंदणी क्रमांक) हवाच.

मोठी ऑर्डर चिनी नववर्षाच्या बरीच आधी द्या. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडचे कारखाने बंद पडतात आणि दुकानदारही कुटुंबाला भेटायला गावी जातात, संपलेला रंग मग लवकर येत नाही.

गावी न्यायला ड्रोन अजिबात घेऊ नका. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात त्याच्या आयातीवर बंदी आहे, कस्टम्स जप्त करतं.