सात महिन्यांची शिकवणी : ताई गेल्या, वहीही गेली

मागच्या सोमवारी लेक शिकवणीहून रडत आली. नव्या ताईंनी तिला पुन्हा अक्षरांपासून तपासलं. सात महिन्यांनी पहिल्या दिवसाची चाचणी!

लेक पाचवीत आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका संस्थेची संध्याकाळची शिकवणी : आठवड्यातून तीन दिवस, चार मुलांमागं एक ताई, महिना ३५० रुपये. राजारामपुरीत एका क्लासवाल्यानं १,२०० सांगितले होते, तेही चाळीस पोरांत बसवून. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, मला हा फरक फार मोठा आहे.

पद्धत माहीतच असेल. इयत्ता न बघता पातळी बघून गट : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. ‘प्रथम’ या शिक्षणातल्या संस्थेनं रुजवलेली तीच. आमची शब्दांवर अडकलेली, म्हणून तिसरीच्या पोरांत बसवली. मला ते लागलं. दोन महिने मी ‘पैसे पाण्यात गेले’ असं सगळ्यांना सांगत होतो. ते बोलणं आज मागं घेतो, आणि त्याचं कारण आहे एकोणपन्नास.

एकोणपन्नास म्हटलं की ती ५९ लिहायची, एकोणसाठ म्हटलं की ६९. शाळेत फुली, घरी माझा आवाज चढायचा. आधीच्या ताईंनी तिला विचारलं, ‘तुला काय ऐकू येतं?’ ती म्हणाली, ‘पन्नास.’ म्हणजे पोरगी नीटच ऐकत होती! ताईंनी काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे मांडले आणि म्हणाल्या, ‘यातली एक काडी मला दे.’ गठ्ठा सोडावाच लागला. उरले चार गठ्ठे, नऊ सुट्या. एकोण म्हणजे एक उणा. त्याच काड्यांवर पुढं हातच्याची वजाबाकीही सुटली.

२०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात एकवीस, बावीसचं ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं, तेव्हा मी तावातावानं विरोध केला होता. तसं का करावंसं वाटलं असेल, ते आता समजतं. तरी जुनी नावंच राहावीत, कपिलतीर्थ मार्केटात तीच चालतात. फक्त पोरांच्या हातात आधी काड्या द्या.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. लेक कुठं अडते, कशानं सुटते, हे ताई एका वहीत लिहायच्या. त्या सोडून गेल्या, वहीही गेली. संस्थेत विचारलं तर तक्ता दाखवला. त्यात ‘वजाबाकी : येते’ एवढंच. काड्या नाहीत, एकोणपन्नास नाही. फी घेता, तर ती वही मुलीची आहे, ताईंची नव्हे. नाव घालायच्या आधी हे विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं.

रविवारी आम्ही तिघांनी बसून आठवेल तेवढं नव्या वहीत लिहून काढलं. बुधवारी मी ती नव्या ताईंना दिली. त्यांनी दारातच उभ्यानं वाचली, आणि लेकीला म्हणाल्या, ‘एकोणनव्वद लिही बघू.’

तिनं ८९ लिहिलं.